जंतूचं नाव सांगणारी माणसं

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. तिच्या आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, पण लघवीच्या नळीमुळे जंतुसंसर्ग झाला आणि त्यांना आयसीयूत ठेवावं लागलं. ते बरे झाले. तेव्हापासून ही मायक्रोबायोलॉजीचंच, म्हणजे जंतूंच्या अभ्यासाचंच, बोलते. डॉक्टर व्हायचं सोडून काचपट्ट्या बघत बसण्यात काय भवितव्य? – एक आई

उत्तर : ताई, आजोबांना नेमकं कोणतं अँटिबायोटिक द्यायचं, हे ठरवण्यात त्या काचपट्टीचा वाटा होता. आयसीयूतल्या रुग्णाला थंडी वाजून ताप भरला, रक्तदाब उतरला, की डॉक्टर कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघण्यासाठी, रक्त घेतात आणि रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात. थांबायला वेळच नसतो. पण ते पहिलं औषध अंदाजानं निवडलेलं असतं. इकडे प्रयोगशाळेत रक्ताच्या बाटलीत जंतू वाढायला बहुधा एक-दोन दिवस लागतात. वाढ दिसली की ग्राम स्टेन करून, म्हणजे जंतू काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघून, वॉर्डात फोन जातो. ही रंगवायची पद्धत 1884 सालची आहे आणि आजही पहिली बातमी तीच देते. पुढे जंतूचं नाव कळतं, क्लेबसिएला की स्यूडोमोनास, आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो तेही. मग औषध बदलतं. कित्येकदा जबर औषध थांबवून साधं देता येतं, आणि मला तो रिपोर्ट सगळ्यांत मोलाचा वाटतो. मेथिसिलिन हे अँटिबायोटिक वापरात आल्यावर जेमतेम दोनेक वर्षांत, 1961 मध्ये, त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू सापडला होता. जबर औषध उगाच वापरलं की तेही असंच हातचं जातं.

नळीचंही तसंच. तिच्यावर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, त्यात औषध नीट पोचत नाही. म्हणून नळी काढणं किंवा बदलणं हा उपचाराचाच भाग असतो. नळीची गरज संपली का, हे रोज विचारणारी इन्फेक्शन कंट्रोल नर्स आणि डोस तपासणारा क्लिनिकल फार्मासिस्ट हेही याच कामातले. लेक या वाटांचाही विचार करू शकते.

कष्टही सांगतो. काम बारकाईचं आणि तेच ते आहे, रात्रीचे फोन असतात, आणि रुग्णाच्या घरच्यांना तुमचं नावही कळत नाही. शिवाय रुग्णावर स्वतः उपचार करायचे असतील तर वैद्यकीय पदवीला पर्याय नाही. त्या पदवीनंतरही मायक्रोबायोलॉजीत विशेष शिक्षण घेता येतं, म्हणजे ‘डॉक्टर की मायक्रोबायोलॉजी’ असा पेच मुळात नाहीच.

एखाद्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत परवानगी काढून तिला दिवसभर बसू द्या. घरी आली की ती कशाबद्दल बोलते ते ऐका. जंतू वाढवायच्या प्लेटवर काय उगवलं हेच सांगत राहिली, तर तिला थेट मायक्रोबायोलॉजीला जाऊ द्या. फोन गेला त्या रुग्णाचं पुढं काय झालं, असं विचारू लागली, तर आधी वैद्यकीय प्रवेशाची तयारी करू द्या.