चालढकल कुणाची, दिरंगाई कुणाची

प्रिय मुली,

तुझा अनुवाद काल रात्री वाचून काढला. भाषा ओघवती आहे, पण एका शब्दापाशी माझी पेन्सिल सारखी अडत होती. मूळ लेखात 'प्रोक्रॅस्टिनेशन' आलं की तू दर वेळी 'विलंब' लिहिलंस. लॅटिनमध्ये 'क्रास' म्हणजे उद्या. काम उद्यावर टाकणं त्या शब्दाच्या पोटातच आहे, विलंबात ते नाही. कुर्ल्याला सिग्नल बिघडला की ठाण्याला लोकल उशिरा येते, तो विलंब. त्यात कुणाच्या मनाचा प्रश्न नाही. आणि विलंबित ख्यालात तर संथपणाच हवा असतो.

तुला हवा होता तो शब्द घरात रोज कानावर पडतो: चालढकल. काम आपलंच आहे, करायचं आहे हेही ठाऊक आहे, तरी 'बघू उद्या' म्हणत पुढे ढकलायचं. टाळाटाळ जवळचीच, पण तिला बहुधा समोर कुणीतरी मागणारं लागतं. घरमालक डिपॉझिट द्यायला टाळाटाळ करतो. चालढकल दार लावून एकट्यालाही करता येते.

दिरंगाई मात्र वेगळी. फारसी 'दिरंग'वरून आलेला हा शब्द आपल्याकडे कचेरीत रुळला. वडील गेल्यावर आईच्या पेन्शनची फाइल एका कार्यालयात आठ महिने पडून होती. आई दर सोमवारी जायची, पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा आणि पाण्याची बाटली. त्याला विलंब म्हटलं की दोष कुणाचाच उरत नाही, हे मला अजून सहन होत नाही. राज्याच्या 2005 च्या कायद्यानुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे कामाच्या 7 दिवसांहून जास्त राहता कामा नये. त्या कायद्याच्या लांबलचक नावात शब्द आहे 'विलंब'. लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, आणि मला लोकांचा शब्द नेमका वाटतो.

लेखातल्या त्या प्राध्यापकांसाठी 'दीर्घसूत्री', म्हणजे काम लांबवत राहणारा, हा शब्द चालेल. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांत तो आहे. त्यांच्या तोंडी शोभेल.

पान 4 वरचा 'विलंब' तेवढा राहू दे, तिथे पावसाने गाडी अडली आहे. बाकी प्रत्येक वाक्य मोठ्याने वाच आणि विचार, हे कुणी केलं? शनिवारी सकाळी मी मराठी ग्रंथ संग्रहालयात असेन. सुधारलेली पानं तिथेच घेऊन ये.

तुझ्या बाई