गोळ्यांचे पैसे कोण भरणार?

प्रश्न : ताई, पूर्व भागात माझे चार माग आहेत. भाचा अमेरिकेत व्हरमाँट राज्यात असतो. तो सांगतो, तिथे सगळ्यांच्या दवाखान्याचा खर्च राज्य सरकारनेच करायचा असा कायदा झाला होता, पण पुढे बारगळला. मी म्हटलं, आमच्याकडे पाच लाखांपर्यंतचं ऑपरेशन फुकट होतं, आम्ही तुमच्या पुढेच आहोत. तो म्हणतो, ते वेगळं. बायकोच्या शुगरच्या गोळ्यांना मात्र दरमहा पैसे जातातच. खरंच वेगळं आहे का? आणि एकट्या राज्याला हे झेपतं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, वेगळं आहे, आणि वहिनींच्या गोळ्यांतच तो फरक आहे. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून झाली. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचं बिल कुठून भागवायचं, हेच काम. तिथली एक बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

विडी वळणारी, पन्नाशीची. हृदयाची रक्तवाहिनी बंद झालेली. केशरी रेशनकार्ड होतं, योजनेतून अँजिओप्लास्टी झाली, एक रुपया लागला नाही. पाच महिन्यांनी तोच त्रास घेऊन परत आली. मी गोळ्या दाखवायला सांगितल्या. तिने पिशवीतून पाकिटं काढली, तर पानं कापायच्या कात्रीने दोन-दोन गोळ्यांचे तुकडे केलेले, कडा अगदी सरळ. "एक दिवसाआड घेते, म्हंजी म्हैनाभर पुरत्यात," म्हणाली. दुसऱ्या भरतीचेही हजारो रुपये योजनेने भरले. महिन्याच्या गोळ्यांचे दोन-चारशे भरायला मात्र कुणी नव्हतं.

भाचा सांगतो त्या पद्धतीला सिंगल पेअर म्हणतात, म्हणजे सगळ्यांची बिलं भरणारा एकच, सरकार. गोळ्याही त्यात धरल्या, तर ऑपरेशनचे आणि गोळ्यांचे पैसे एकाच खिशातून जातात. चुकलेल्या गोळीचं बिल उद्या आपल्यालाच येणार, हे त्या खिशाला ठाऊक असतं. आपल्याकडे खिसे वेगवेगळे. कारखान्यात २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, त्यात कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५. भरती व्हायचं तर महात्मा फुले योजना. ती २ जुलै २०१२ ला राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपलं सोलापूर होतं. तेव्हा दीड लाखाची मर्यादा होती. पाच लाख आणि सगळ्यांसाठी, हा निर्णय २०२३ चा. ती चांगलीच योजना आहे, माणसं वाचताना मी पाहिली आहेत. पण साधी ओपीडी आणि शुगरसारखी रोजची गोळी तिच्या बाहेर राहिली.

आता झेपण्याचं. व्हरमाँटची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूर शहराहूनही कमी. २०११ मध्ये गव्हर्नर पीटर शुमलिन यांनी कायद्यावर सही केली, पैसा कुठून आणायचा ते मागाहून ठरणार होतं. हिशेब मांडला तेव्हा मालकांवर पगाराच्या ११.५ टक्के आणि लोकांवर उत्पन्नाच्या ९.५ टक्क्यांपर्यंत बोजा निघाला. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनीच माघार घेतली. समर्थकांचं म्हणणं होतं, हा कर विम्याच्या हप्त्याच्या जागी येतोय, त्याच्या डोक्यावर नाही. मला ते पटतं. पण मालक परस्पर भरतो तो हप्ता कुणाला दिसत नाही, कर लगेच दिसतो. कोलोरॅडो या अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्यात २०१६ मध्ये असाच प्रस्ताव मतदारांनी जवळजवळ ऐंशी टक्के मतांनी फेटाळला.

म्हणून अशक्य म्हणू नका. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांताने, दहा लाखांच्या आतल्या लोकसंख्येवर, १९६२ मध्ये डॉक्टरांच्या बिलांपुरतं हे करून दाखवलं. डॉक्टरांनी २३ दिवस संप केला, तरी योजना टिकली. देशभर पसरली ती मात्र १९६६ च्या केंद्रीय कायद्यानंतर, केंद्राने साधारण निम्मा खर्च उचलला तेव्हा.

आपल्या घटनेत आरोग्य हा राज्याचा विषय आहे, पण कराच्या मोठ्या चाव्या दिल्लीत. सोलापूरकराला हे कुणी शिकवायला नको. विडीवर उपकर होता, १९७६ च्या कायद्याचा. त्यातून विडी कामगारांच्या औषधपाण्यासाठी वेगळा पैसा निघायचा. जीएसटी आला आणि २०१७ मध्ये तो उपकर गेला. ज्या पैशावर त्या बाईचं नाव लिहिलेलं होतं, तोच पुसला गेला. याचा राग माझ्या मनात अजून आहे. तेव्हा दारात मत मागायला येणाऱ्याला "किती लाखांची योजना देणार" असं विचारू नका. रोजची गोळी त्यात आहे का, आणि त्यासाठी कोणता पैसा बाजूला काढून ठेवणार, हे विचारा.

वहिनींसाठी आधी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जा, शुगरच्या साध्या गोळ्या तिथे मोफत देतात. संपल्या असतील तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा, खूप स्वस्त पडतं. आणि दादा, घरातली पाकिटं एकदा स्वतः उघडून बघा. वहिनी दिवसाआड तर घेत नाहीत ना?