इन्शुलिनच्या बाटलीत जिवाणू असतात का?

प्रश्न : माझ्या आईला दिवसातून दोनदा इन्शुलिन घ्यावे लागते. ते ई. कोलाय या जिवाणूंकडून तयार करून घेतात हे कळल्यापासून ती धास्तावली आहे, कारण दूषित पाण्यातून जुलाब होतात तेही ई. कोलायमुळेच. बाटली फिरवली की औषध दुधाळ दिसते, शिवाय त्याला उग्र वास येतो. हा जिवाणूंचा परिणाम आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. आईंच्या बाटलीत जिवाणू नसतात, जिवंत नाहीत आणि मेलेलेही नाहीत. ई. कोलायचे अनेक वाण आहेत. इन्शुलिनसाठी वापरला जाणारा, प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवलेला के-१२ हा वाण आजार निर्माण करणाऱ्यांपैकी नाही.

पूर्वी इन्शुलिन गाईंच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. गाईचे इन्शुलिन माणसाच्या इन्शुलिनपेक्षा तीन अमिनो आम्लांनी (प्रथिनाच्या घटकांनी) आणि डुकराचे एका अमिनो आम्लाने वेगळे असल्यामुळे काही रुग्णांना त्याची ॲलर्जी होई. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील जेनेनटेक कंपनी आणि सिटी ऑफ होप या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मानवी इन्शुलिनच्या २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांसाठी लागणारी जनुके रासायनिक पद्धतीने तयार केली, ती वेगवेगळ्या ई. कोलायमध्ये घातली आणि मिळालेल्या साखळ्या नंतर एकमेकींना जोडल्या. १९८२ मध्ये या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

या कामातील खरी कसोटी, माझ्या मते, जनुक घालण्यात नसून त्यानंतरच्या टप्प्यात आहे. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत जिवाणू एकच लांब साखळी बनवतो, पण तिची योग्य घडी त्याला घालता येत नाही. ती पेशीत गोळा होऊन पडते. म्हणून पेशी फोडून हे गोळे वेगळे करतात, विरघळवतात आणि गंधकाचे तीन बंध नेमक्या जोड्यांमध्ये जुळतील अशा बेताने साखळीची घडी बसू देतात. एखादी जोडी चुकली तर ते प्रथिन औषधाच्या कामाचे राहत नाही. मग विकरांनी दोन साखळ्यांना जोडणारा मधला तुकडा कापला जातो आणि जिवाणूंची प्रथिने व इतर अवशेष शुद्धीकरणाच्या अनेक पायऱ्यांमध्ये काढून टाकले जातात. सगळेच इन्शुलिन जिवाणूंकडून येते असेही नाही. वोखार्ट या औषध कंपनीने २००३ मध्ये भारतात आणलेले मानवी इन्शुलिन यीस्टमध्ये तयार केलेले होते.

आता दुधाळपणाविषयी. आईंचे इन्शुलिन एनपीएच (हळूहळू काम करणारे) किंवा मिश्र प्रकारचे असावे. त्यात प्रोटामाइन या प्रथिनाशी बांधलेले इन्शुलिनचे सूक्ष्म स्फटिक असतात. ते तळाशी बसतात आणि बाटली तळहातांमध्ये हलकेच फिरवली की पुन्हा सर्वत्र पसरतात. औषध हळूहळू शोषले जावे यासाठीच ही योजना आहे. उग्र वास मेटाक्रेसॉल किंवा फिनॉलचा असून, सुई वारंवार टोचल्यामुळे बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून ही द्रव्ये मुद्दाम घातलेली असतात. मात्र एरवी पाण्यासारखे स्वच्छ असणारे रेग्युलर इन्शुलिन गढूळ झाले, किंवा दुधाळ इन्शुलिनमधील गुठळ्या फिरवूनही मोडल्या नाहीत, तर ती बाटली वापरू नये.