हातानं धरल्याशिवाय तो वर येत नाही

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा मोबाइलवर माइनक्राफ्ट खेळतो. त्यात 'वॉर्डन' नावाचं काहीतरी भेटल्यापासून रात्री परसातल्या संडासाला जायचं झालं की मला उठवतो. सासूबाई म्हणतात दृष्ट काढ, मी म्हणते मोबाइलच काढून घ्यावा. काय करू?
— एक आई, निपाणी

उत्तर : ताई, दृष्ट काढाच. सासूबाईंना बरं वाटेल. मोबाइल मात्र एवढ्यात काढून घेऊ नका, नाहीतर तो वॉर्डन पोराच्या डोक्यात तसाच उभा राहील.

हे ध्यान 2022 साली खेळात आलं. जमिनीखाली खोल काळोखात राहतं. ते आंधळं आहे. त्याला पावलांची कंपनं कळतात आणि वास येतो. ते जवळ असलं की पडदा अंधारतो आणि काळजाचे ठोके ऐकू येतात. ठोके वॉर्डनचेच, त्याचा राग वाढेल तसे जलद होणारे. पण कानाला हेडफोन लावलेल्या पोराला ते स्वतःचे वाटतात. रात्री घर सामसूम झालं की तेच ठोके परत ऐकू येतात, आणि या वेळी ते खरोखर त्याच्याच छातीतले असतात.

तेव्हा आधी हेडफोन काढा. स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीशेजारी बसून खेळू दे. मग वॉर्डनला कसं चुकवायचं ते त्याच्याकडून शिकून घ्या. वाकून चाललं तर कंपनं उठत नाहीत. लोकरीच्या ठोकळ्यांवरून चाललं तरी उठत नाहीत. मिनिटभर चाहूल लागली नाही तर तो आपण होऊन जमिनीत परत जातो. त्याला मारून हाती फारसं काही लागत नाही, कारण तो लढायला नव्हे, टाळायला ठेवलाय. हे सगळं तुम्हाला समजावताना पोराचा आवाज बघा कसा बदलतो. आणि रात्री त्यानं उठवलं तर उठा. घरात घोंगडं असेल तर परसदारापर्यंत अंथरा आणि त्यावरून दोघं चोरपावलांनी जा. हसू नका, खरंच सांगतोय.

प्रश्न : 'स्कायरिम' या गेममध्ये सुरुवातीच्याच थडग्यात तो अजस्र कोळी वरून उतरला आणि माझ्या हातातला माउस सुटला. मी बी.एस्सी.ला आहे वो काका, मित्र अजून चिडवतात. कोळ्यांच्या जागी अस्वलं आणणारा मॉड, म्हणजे खेळात बदल करणारी जोडफाइल, मिळतो म्हणे. टाकू का?
— खानापूर

उत्तर : खानापूरचा असून अस्वल मागतोस? भीमगडच्या जंगलाकडच्या कुणा शेतकऱ्याला विचारून बघ, कोळी बरा की अस्वल. पण टाक की, लाज कसली. 2020 साली आलेल्या 'ग्राउंडेड' या गेममध्ये तर सेटिंगमध्येच पट्टी दिली आहे; ती सरकवत गेलं की कोळ्याचे पाय गळत जातात आणि शेवटी नुसता गोळा उरतो.

त्याआधी एवढं कर. कोळी दिसला की मागे फिर आणि अरुंद बोळात उभा राहा. त्याचं अंग तिथं मावत नाही. तिथून बाण मार. जाळ्यात अडकलेला चोर ओरडत असतो, ओरडू दे. नाहीतरी सोडवल्यावर तो तुला ठकवूनच पळणार आहे.

प्रश्न : दुसऱ्यांना सांगता, तुम्ही स्वतः कधी घाबरलात का?
— शहापूर, बेळगाव

उत्तर : शहापूरचा म्हणजे माझ्या जुन्या सायबर कॅफेत बसून गेलेला दिसतोस. 2003 साली तिथंच, शटर अर्धं ओढून, मी निन्टेन्डोचा 1998 चा 'ओकारिना ऑफ टाइम' कॉम्प्युटरवर खेळत होतो. त्यात एका गावात विहीर आहे. पवनचक्कीत वादळाची धून वाजवली की ती आटते, आणि मग लहान मुलाच्या रूपात आत उतरावं लागतं. मी काठापर्यंत गेलो आणि गेम बंद केला. तीन दिवस हात लावला नाही.

जांबोटीकडे माझं आजोळ. मे महिन्यात विहिरीचा गाळ काढायचे. मी नऊ वर्षांचा असताना कपारीत अडकलेली कळशी काढायला मला दोर बांधून खाली सोडलं. दोर सोडून मी कळशीला बांधला, हाक दिली, कळशी वर गेली. दोर काही परत येईना. वरच्या गोल उजेडात एकही डोकं दिसेना. मामी म्हणते पाच मिनिटं असतील. मला आठवतो तो गाळाचा वास आणि पायाखाली काहीतरी मऊ हललं ते. बेडूक असेल. सगळे जेवायला गेले असणार, असं मी अठरा वर्षं धरून चाललो होतो. 1924 च्या अधिवेशनासाठी खणलेली टिळकवाडीतली काँग्रेस विहीर बघायला शाळेनं नेलं, तेव्हा पोरं वाकून बघत होती आणि मी लांब उभा राहून शेंगा खात होतो.

चौथ्या दिवशी उतरलो. त्या विहिरीत एक राक्षस आहे. जमिनीतून त्याचे लांब पांढरे हात उगवलेले असतात, तो स्वतः खाली दडलेला. अर्धा तास मी त्या हातांना चुकवत गोल गोल पळालो. काहीच होईना. मग कळलं की एखाद्या हातानं धरल्याशिवाय तो वर येतच नाही, आणि वर आल्याशिवाय त्याला मारता येत नाही. म्हणून उभा राहिलो. डोळे मिटले होते, खोटं कशाला सांगू. हातानं डोकं पकडलं आणि माझी बोटं कीबोर्डवर वाटेल तशी आपटायला लागली.

मेला एकदाचा. रविवारी मामाला फोन लावला आणि विचारलं, त्या दिवशी दोराजवळ कोण होतं.

"मीच रे," मामा म्हणाला. "आंबे उतरवायला गेलो, तुला विसरलोच."