कार्डावरचं पद आणि कागदावरचं पद

तुमची पोस्ट दोनदा वाचली. सहा वर्षं भरतीचं काम करताय, कार्डावर ‘टॅलेंट एक्सपिरियन्स आर्किटेक्ट’ छापलंय, अपॉइंटमेंट लेटरमध्ये ‘एक्झिक्युटिव्ह, एचआर ऑपरेशन्स’ आहे आणि आता नोकरी बदलायची तर अर्जात यातलं काय लिहायचं, की सरळ ‘सीनियर रिक्रूटर’ लिहून टाकायचं, असा तुमचा प्रश्न. शिवाय चाळीस अर्ज करूनही मुलाखतीचे कॉल येत नाहीत. काही वर्षांपूर्वी मी याच पेचात सापडले होते, म्हणून सविस्तर लिहितेय. रेझ्युमे कसा लिहावा हे सांगत बसत नाही. दुसऱ्यांचे रेझ्युमे वाचणं हेच तुमचं रोजचं काम आहे.

आधी एक स्पष्ट करते. मी वकील नाही. नोकरीचे कायदे प्रत्येक देशात वेगळे असतात. पुढे जे लिहितेय ते एका माणसाच्या अनुभवातून आलेलं आहे आणि काही मतं टोकाचीही वाटतील.

माझी चूक अशी झाली. अप्रेझलच्या बैठकीत साहेब म्हणाले, यंदा पगारवाढीला बजेट नाही, पण तुझं काम मोठं आहे, तुला ‘सीनियर टॅलेंट पार्टनर’ करतो. मला मनापासून आनंद झाला. नवीन कार्डं आली, मेलखालची सही बदलली, सगळ्यांनी अभिनंदन केलं. पत्र मात्र मिळालं नाही. मी मागितलंही नाही, कारण मेलच्या सहीत आहे म्हणजे झालंच, असं मी धरून चालले. सिस्टिममध्ये मी होते तीच राहिले, ‘असोसिएट’. त्या कंपनीत हिशेब विभागातले लोकही असोसिएट, मदतकक्षातलेही असोसिएट आणि भरती करणारेही असोसिएट.

दोन वर्षांनी दुसरीकडे चांगली ऑफर आली. फॉर्ममध्ये ‘शेवटचं पद’ असा रकाना होता. त्यात मी ‘सीनियर टॅलेंट पार्टनर’ लिहिलं. खोटं लिहितेय असं एक क्षणही वाटलं नाही. राजीनामा दिला, नोटीस पीरियड संपवला, निरोपही झाला. रुजू व्हायला बारा दिवस उरले असताना बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा, म्हणजे अर्जातली माहिती जुन्या कंपनीकडून पडताळून घेण्याचा, अहवाल आला. त्यात माझ्या पदापुढे लाल खूण होती. जुन्या कंपनीने कळवलं होतं : पद असोसिएट, अर्जातल्या माहितीशी जुळत नाही.

नवीन कंपनीने ऑफर थांबवली आणि खुलासा मागितला. यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तपासणी करणाऱ्याच्या टेबलावर दोन शब्द असतात, एक अर्जातला आणि एक कंपनीने कळवलेला. ते जुळले तर हिरवी खूण, नाहीतर लाल. तुमचं पद चमकदार आहे की नाही याच्याशी त्याला काही घेणं नसतं.

मग मी जुन्या कंपनीच्या कर्मचारी मदतकक्षाकडे गेले. त्याच मजल्यावर, त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी चार वर्षं बसले होते. त्यातल्या दोघांची भरती मी स्वतः केली होती. नवीन पद मान्य करा असंही मी म्हणत नव्हते. मला हवी होती एक ओळ : ‘या कर्मचारी अमुक काळात भरतीचं काम करत होत्या.’ उत्तर आलं, ‘आम्ही सिस्टिममध्ये आहे तेवढंच प्रमाणित करतो.’ मी साहेबांची मेल जोडली. उत्तर आलं, ‘संबंधित व्यक्ती आता कंपनीत नाही.’ मी अप्रेझलचा कागद जोडला. माझं तिकीट, म्हणजे मदतकक्षातली विनंतीची नोंद, ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद झालं. तिसऱ्यांदा उघडल्यावर कळलं की माझी विनंती आता दुसऱ्या विभागाकडे गेली आहे आणि त्या विभागाला बाहेरच्या व्यक्तीशी पत्रव्यवहार करता येत नाही. मी राजीनामा दिला होता ना, म्हणजे मी आता बाहेरची व्यक्ती. असे सात आठवडे गेले. नवीन कंपनी तीन आठवडे थांबली आणि मग तिने ती जागा दुसऱ्याला दिली. पुढे पाच महिने मी घरी होते आणि शेवटी पहिल्यापेक्षा खालच्या जागेवर रुजू झाले.

हे आठवलं की अजूनही घशाशी येतं. नोकरी गेल्यापेक्षा जास्त टोचतं ते हे, की एक ओळ लिहायला कुणाचंही काही जाणार नव्हतं. स्वतःला ‘पीपल एक्सपिरियन्स’ म्हणवणाऱ्या त्या विभागात फोन उचलून ‘थांबा, बघते’ म्हणणारं एकही माणूस निघालं नाही.

पगारवाढीऐवजी पद का मिळतं, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. पद द्यायला मालकाला काही खर्च येत नाही. उलट काही ठिकाणी त्यातून पैसे वाचतात. अमेरिकेत ठरावीक पगाराच्या वर असलेल्या आणि व्यवस्थापकाचं काम करणाऱ्या माणसाला ओव्हरटाइम द्यावा लागत नाही. लॉरेन कोहेन, उमित गुरुन आणि बुग्रा ओझेल या संशोधकांनी २०२३ साली मांडलेल्या अभ्यासात दिसलं की त्या पगाराच्या रेषेपाशी व्यवस्थापकी थाटाच्या पदनामांचा वापर सुमारे ४८५ टक्क्यांनी वाढतो. त्यांनी दिलेलं एक उदाहरण स्वागतकक्षात बसणाऱ्या कर्मचाऱ्याचं आहे, ज्याचं पद होतं ‘डायरेक्टर ऑफ फर्स्ट इम्प्रेशन’. तिथल्या नियमातही स्पष्ट लिहिलंय की नुसत्या पदनामावरून काही ठरत नाही, प्रत्यक्ष काम आणि पगार बघायचा. नियम तसा आहे, तरी कंपन्या पदनामं वाटतातच, कारण बहुतेक माणसं भांडायला जात नाहीत. मीही गेले नाही.

आपल्या व्यवसायात नावं बदलणं नवं नाही आणि प्रत्येक बदल पोकळ असतो असंही मी म्हणणार नाही. ब्रिटनमधली आजची सीआयपीडी ही एचआरवाल्यांची संस्था १९१३ साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव ‘वेल्फेअर वर्कर्स असोसिएशन’ होतं, कारण कारखान्यातल्या कामगारांचं कल्याण बघणाऱ्यांची ती संघटना होती. १९४६ साली नावात ‘पर्सोनेल’, म्हणजे कर्मचारीवर्ग, हा शब्द आला. अमेरिकेतली एसएचआरएम ही १९४८ साली स्थापन झालेली एचआरवाल्यांची संस्थाही आधी ‘पर्सोनेल’वाली होती, १९८९ साली ‘ह्यूमन रिसोर्स’वाली झाली. ही नावं बदलली तेव्हा कामही बदलत होतं. ‘बिझनेस पार्टनर’चंही तेच. डेव्ह उल्रिच या अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञाने १९९७ साली ती कल्पना मांडली तेव्हा तिला ठोस अर्थ होता : एचआरचा माणूस धंद्याच्या निर्णयात बसेल आणि निकालाला जबाबदार राहील. ‘वॉर फॉर टॅलेंट’, म्हणजे गुणी माणसांसाठीची लढाई, हा शब्दप्रयोगही मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत त्याच वर्षी निघाला. त्यानंतर ‘टॅलेंट’ आणि ‘पार्टनर’ हे दोन शब्द आपल्या कार्डांवरून हलायलाच तयार नाहीत. पण मला ‘पार्टनर’ केल्यावर मी एकाही निर्णयाच्या बैठकीत बसले नाही. आधी रेझ्युमे चाळत होते, नंतरही चाळतच होते.

‘रिक्रूटमेंट’ आणि ‘टॅलेंट ॲक्विझिशन’ यांत फरक आहे का, असं तुम्ही पोस्टच्या शेवटी विचारलंय. माझं मत सांगते, पटलं तर घ्या. पुढच्या वर्षी कोणत्या जागा लागतील हे तुम्हाला आज ठाऊक असेल, त्यासाठी आतापासून माणसं हेरून ठेवणं तुमच्याकडे असेल, तर फरक आहे. जागा रिकामी झाली की मेल येते आणि तिथून तुमची धावपळ सुरू होते, असं असेल तर ते भरतीचंच काम आहे. भरती हा सरळ, चांगला शब्द आहे. त्यात कमीपणा कसला?

आता कॉल का येत नाहीत ते. तुम्ही स्वतः उमेदवार कसे शोधता ते आठवा. शोधाच्या चौकटीत बुलियन ओळ, म्हणजे ‘किंवा’, ‘आणि’ने जोडलेले शब्द, टाकता : रिक्रूटर किंवा रिक्रूटमेंट किंवा टॅलेंट ॲक्विझिशन, आणि त्यापुढे उद्योगाचं नाव. ‘आर्किटेक्ट’ कोण टाकतं? इमारतींचा किंवा सॉफ्टवेअरचा आर्किटेक्ट हवा असणारा. त्याला तुमचं प्रोफाइल दिसतं आणि तो पुढे सरकतो. ज्याला रिक्रूटर हवाय त्याच्या यादीत तुम्ही कदाचित येतच नाही. माझ्या मते तुमच्या चाळीस अर्जांपैकी निम्म्यांचं कारण एवढंच असावं. अर्ज न बघता ठामपणे सांगता येणार नाही, पण मी टेबलाच्या पलीकडे बसून असे कितीतरी रेझ्युमे मागे टाकलेत. चमत्कारिक पदनाम दिसलं की माणूस नेमकं काय करतो ते शोधायला वेळ लागतो, आणि दिवसाला दोनशे रेझ्युमे असले की तो वेळ मी देत नव्हते. त्यातल्या काहींवर माझ्याकडून अन्याय झाला, हे मला माहीत आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर : ‘पद’ असं लिहिलेल्या रकान्यात फक्त कागदावरचं पद. ‘एक्झिक्युटिव्ह, एचआर ऑपरेशन्स’, अक्षरशः तसंच. ‘सीनियर रिक्रूटर’ तिथे नाही, ‘आर्किटेक्ट’ तर नाहीच. रेझ्युमेत त्याच्याच खालच्या ओळीत साध्या शब्दांत काम : ‘भरतीचं काम, तांत्रिक जागा, सुरुवातीपासून ऑफरपर्यंत.’ रिक्रूटर, रिक्रूटमेंट हे शब्द तिथे येऊ द्या. लिंक्डइनवर नावाखालची ओळ आपण हवी तशी लिहू शकतो, तिथे ‘रिक्रूटर’ लिहा. अनुभवाच्या नोंदीतलं पद मात्र कागदाप्रमाणे ठेवा. तपासणीच्या फॉर्मवर शेऱ्याची जागा असेल तर ती रिकामी सोडू नका, कार्डावर वेगळं नाव होतं हे आधीच लिहून टाका. आधी सांगितलेली तफावत आणि नंतर सापडलेली तफावत यांच्याकडे अगदी वेगळ्या नजरेने बघितलं जातं.

कामाला काय म्हणावं हेच सुचत नसेल, किंवा परदेशातल्या फॉर्मवर व्यवसायाचं वर्गीकरण विचारलं असेल, तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची व्यवसायसूची बघा, २००८ सालची. कंपनीच्या आत बसून माणसं निवडणारे बहुतेक २४२३ या गटात येतात आणि एजन्सीमार्फत दुसऱ्यांसाठी माणसं शोधणारे ३३३३ मध्ये. तिथली कामांची वर्णनं अगदी सपक आहेत आणि म्हणूनच फार उपयोगी.

थोडं विषयांतर होतंय, पण हे बोलल्याशिवाय राहवत नाही. ही भाषा आपण स्वतःपुरती ठेवत नाही, ती उमेदवारांच्याही गळ्यात मारतो. जाहिरातीत ‘निन्जा’ आणि ‘रॉकस्टार’ मागतो आणि कामाचे तास लिहीत नाही. नकार द्यायचा असतो तेव्हा ‘आपलं प्रोफाइल आमच्या टॅलेंट पूलमध्ये राखून ठेवत आहोत’ असं लिहितो. त्या घरी बसलेल्या पाच महिन्यांत मला अशा चौदा मेल आल्या. मी स्वतः तसल्या शेकडो पाठवल्या होत्या, तरीही पहिल्या दोन-तीन वेळा मी खरंच वाट बघितली. तेव्हापासून मी ‘या जागेसाठी तुमची निवड झाली नाही’ एवढंच लिहिते आणि जमलं तर एक कारण देते. लोक चिडत नाहीत, उलट बरेचसे धन्यवाद देतात.

आणि तुम्ही आता उमेदवार आहात म्हणून एक सावधगिरी. एखादी एजन्सी ‘प्रोफाइल ऑप्टिमायझेशन’, ‘कॅन्डिडेट एंगेजमेंट’ असल्या नावाखाली तुमच्याकडेच पैसे मागू लागली तर तिथून निघा. श्रम संघटनेच्या १९९७ सालच्या १८१ क्रमांकाच्या करारातलं मूळ तत्त्व असं आहे की खासगी एजन्सीने कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये. अपवाद आहेत आणि सगळ्या देशांनी तो करार मान्य केलेला नाही, पण चांगल्या एजन्सीचे पैसे मालकाकडून येतात.

आता मुख्य काम. तुम्ही लिहिलंय की राजीनामा अजून दिलेला नाही. मग तो देण्याआधी, या आठवड्यातच, खालची मेल पाठवा. ती तुमच्या साहेबांना आणि एचआरला एकाच वेळी जाऊ दे. तोंडी बोलू नका. तुम्ही आत आहात तोवर उत्तर टाळणं त्यांना जड जातं, बाहेर पडलात की तुम्ही एक तिकीट क्रमांक.

‘माझ्या नेमणूकपत्रात माझे पद एक्झिक्युटिव्ह, एचआर ऑपरेशन्स असे आहे. अमुक तारखेपासून मला टॅलेंट एक्सपिरियन्स आर्किटेक्ट हे नाव वापरण्यास सांगण्यात आले. माझ्या नोंदीत सध्या कोणते पद आहे आणि या संपूर्ण काळात माझे काम कर्मचारीभरतीचे होते, हे कृपया लेखी कळवावे. अनुभवपत्रातही कामाचे स्वरूप नमूद करावे, ही विनंती.’

उत्तर आलं की त्याची प्रत तुमच्या स्वतःच्या जागी ठेवा, ऑफिसच्या मेलमध्ये नको, ती शेवटच्या दिवशी बंद होते. फक्त तुमच्या नावाची पत्रं घ्या, कंपनीची दुसरी कुठलीही फाइल उचलू नका, त्यातून वेगळंच प्रकरण उभं राहतं. आणि आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर राजीनामा पुढे ढकला आणि इथे कळवा, दुसऱ्या मेलचा मसुदा मी करून देते.