हेलिकॉप्टर आलंच नाही, पैसे कोणाकडे मागायचे?

प्रश्न (केज तालुका, जि. बीड): मुलाच्या लग्नात नवरदेवाला हेलिकॉप्टरनं आणायचं होतं. पुण्याच्या दलालाला ३ लाख ५० हजार आरटीजीएस केले. लग्नादिवशी हेलिकॉप्टर आलं नाही. दलाल म्हणतो, "हवा खराब होती, पैसे कंपनीकडे गेले, मी फक्त मधला माणूस." काय करावं?

उत्तर: आधी बिल काढून बघा. भारतीय करार कायद्याच्या कलम २३० प्रमाणे एजंट सहसा स्वतः बांधला जात नाही. पण ज्याच्यासाठी तो काम करतो त्याचं नाव त्यानं सांगितलं नसेल, तर तोच जबाबदार असं गृहीत धरतात. बिल दलालाच्या नावानं, जीएसटी नंबर त्याचा, रक्कम त्याच्या खात्यात आणि कंपनीचा उल्लेख कुठेच नाही, असं असेल तर 'मधला माणूस' हा बचाव लंगडा पडतो.

भाड्यानं उडवायचं तर कंपनीकडे डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट, म्हणजे ठरावीक वेळापत्रकाशिवाय उड्डाणं करायचा परवाना, लागतं. म्हणून दलालाकडून कंपनीचं नाव आणि हेलिकॉप्टरचा 'व्हीटी'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लेखी मागा. मग कंपनीला रजिस्टर पोस्टानं विचारा: त्या तारखेचं बुकिंग आलं होतं का, पैसे किती मिळाले, उड्डाण कोणी व का रद्द केलं? खरी गोम इथंच आहे. बुकिंगच झालं नव्हतं असं उत्तर आलं, तर हवामानाचं कारण आपोआप गळून पडतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार द्यायला आधार मिळतो. त्या उत्तराशिवाय पोलीस ठाण्यात गेलात तर "दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवतील.

'ॲडव्हान्स परत मिळणार नाही' ही अट सहसा तुम्ही रद्द केलं तर लागते. सेवाच न देणाऱ्याला ती ढाल म्हणून वापरता येत नाही. मात्र तात्पुरत्या हेलिपॅडची प्रशासकीय परवानगी काढायचं काम तुमच्याकडे होतं का, ते तपासा. होतं आणि काढली नसेल, तर बाजू कच्ची आहे.

दलाल आणि कंपनी, दोघांना १५ दिवसांच्या मुदतीची नोटीस द्या. मग दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करून बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता तिथं तक्रार चालते, पुण्याला हेलपाटे नकोत. तक्रारीची मुदत २ वर्षं, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. व्हॉट्सॲपचं संभाषण पुसू नका, फोनही बदलू नका: असा इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल.