चवथीच्या रजा आणि पॅकिंगची लाइन

प्रश्न : गोव्यात कुंडईच्या एका औषध कारखान्यात मी पॅकिंगचा सुपरवायझर आहे. पाळीत 24 माणसं. गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, चारच रजा मंजूर केल्या, तर 11 जण न सांगताच घरी राहिले आणि गोळ्या पट्टीत भरणाऱ्या दोन ब्लिस्टर मशीन बंद पडून राहिल्या. नवे व्यवस्थापक म्हणतात, लवचीक व्हा. एकदा सैल सोडलं की माणसं डोक्यावर बसतील, ही माझी भीती. काय करावं?

उत्तर : चारच का? हा आकडा लाइन चालायला किमान किती माणसं लागतात ते मोजून काढला होता, की दरवर्षीचाच? बहुतेक ठिकाणी दरवर्षीचाच असतो.

आधी न वाकणाऱ्या गोष्टी ठरवा. लाइन क्लिअरन्स (नवी बॅच घेण्याआधी लाइनवर जुनं काही उरलं नाही ना, ही तपासणी), बॅच रेकॉर्ड (त्या बॅचच्या कामाची लेखी नोंद), दुसऱ्या माणसाची तपासणीची सही. माणसं कमी आहेत म्हणून नोंद भरणारा आणि तपासणारा एकच, असं चवथीतही चालणार नाही. कोण, कधी, कुणाच्या बदल्यात, एवढंच हलवता येतं.

त्यासाठी दोन महिने आधी तक्ता करा. उभी नावं, आडव्या मशीन. एकट्याने चालवणाऱ्याला 2, हाताखाली काम करणाऱ्याला 1, बाकीच्यांना 0. ज्या मशीनखाली 2 वाले तिघांहून कमी, तिथे तुमचं घोडं अडणार. ब्लिस्टरवर हे हमखास दिसतं, कारण टूल बदलणं आणि सीलिंगचं तापमान बसवणं एकदोघांच्याच हातात असतं. उरलेल्या आठवड्यांत 1 वाल्यांना तयार करा. प्रशिक्षणाची नोंद होऊन सही झाल्याशिवाय मात्र त्यांना 2 धरू नका.

मग रजा विचारा, पण 'किती दिवस हवेत' असं नको. घरचा गणपती दीड दिवसाचा की पाच, सात, नऊ दिवसांचा, आणि कुठला दिवस चुकवताच येत नाही, हे विचारा. दीड दिवसवाला तिसऱ्या दिवशी येऊ शकतो. काहींना तर फक्त आदल्या दिवशीची दुपार हवी असते, माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजारासाठी. ती अर्धी सुट्टी नाकारली की माणूस चार दिवस गायब होतो!

मागे राहतात ते ख्रिस्ती आणि बाहेरच्या राज्यांतून आलेले कामगार. त्यांच्यावर दरवर्षी भार पडला की कुरबुर सुरू होते. नाताळ, सांजांव (सेंट जॉनचा सण), छठ यांची त्यांची पाळी आत्ताच वहीत लिहा. जादा तासांना दुप्पट दर कायद्यानेच द्यावा लागतो.

ठरलेली यादी फलकावर लावा. कानात दिलेली सवलत दुसऱ्या दिवशी पक्षपात ठरते. उद्याची माणसं आज चार वाजता पक्की करा. त्यानंतर आजारपण किंवा अपघात असेल तरच बदल. स्वतः दिलेली तारीख मोडणाऱ्यावर नेहमीचीच कारवाई. तुमच्या भीतीला एवढं पुरे. पाळीची वेळ कायमची बदलायची असेल, तर कामगारांना 21 दिवसांची लेखी सूचना लागते. ते काम एचआरकडे सोपवा.

प्रश्न : आमचे साहेब एका पाळीत तीनदा बॅचचा क्रम बदलतात आणि त्यालाच लवचीकता म्हणतात.

उत्तर : प्रत्येक बदलाला लाइन रिकामी करणं, सफाई, टूल बदलणं आणि क्वालिटीची तपासणी आलीच. दोन आठवडे प्रत्येक बदलाची मिनिटं लिहा आणि बेरीज साहेबांसमोर ठेवा. सोबत एकच मागणी करा : चालू बॅच संपेपर्यंत क्रम बदलू नये; खरीच निकड असेल तर बदलाच्या कागदावर साहेबांची सही.